भूगोलाचा पेपर आणि सहा डबे

सांगा बरं, २२ मार्च २०२० च्या संध्याकाळी पाच वाजता तुम्ही काय करत होता?

बरोबर. थाळी वाजवत होता. नाहीतर टाळ्या. नाहीतर गॅलरीत उभं राहून शेजारच्या काकांचा शंख मोबाइलवर शूट करत होता. हा प्रश्न सोपाय. आता दुसरा विचारते. त्याच रात्री, जेवणं झाल्यावर, तुमच्या घरात मोठी माणसं काय बोलत होती?

इथे सगळे थांबतात. मीही थांबले होते.

लॉकडाउनला पाच वर्षं होताहेत म्हणून ‘कॉलेजच्या मुलांना काय आठवतं ते बघ’ असं मला सांगण्यात आलं. सोपं काम, असं वाटलं. हिशोब करून बघा: आज जे टीवायला आहेत ते तेव्हा दहावीत होते आणि त्यांचा एकच पेपर राहिला होता. जे एफवायला आहेत ते आठवीत होते, त्यांची तर परीक्षाच रद्द झाली. म्हणजे सगळी माझ्याच आसपासची माणसं. मी वही घेऊन कॅन्टीनमध्ये बसले आणि दोन दिवस जो समोर येईल त्याला विचारलं. पहिल्या दिवशीची उत्तरं सांगते: डालगोना कॉफी. लुडो. ‘मनी हाइस्ट’. रामायण. केस घरी कापले आणि वाट लागली. बाबांना पहिल्यांदा भांडी घासताना बघितलं. पुन्हा डालगोना कॉफी.

ही उत्तरं खोटी नाहीत. मीही ती कॉफी फेटलीये, हात मोडेपर्यंत. पण एकाच क्लासच्या नोट्समधून सगळ्यांनी कॉपी केल्यासारखी ती वाटायला लागली. म्हणून दुसऱ्या दिवशी प्रश्न बदलला. ‘तुला काय आठवतं’ हे सोडून दिलं आणि ‘पहिल्या आठवड्यात तुमच्या घरात भांडण कशावरून झालं’ असं विचारायला लागले. मग वही भरली.

हडपसरची एक मुलगी म्हणाली, भांडण चपलांवरून. तिचे वडील बसचे ड्रायव्हर. शहर बंद होतं तरी दवाखान्यातल्या लोकांना, सफाई कामगारांना ने-आण करायला काही बस चालू होत्या, आणि त्यातली एक त्यांच्याकडे होती. घरी आल्यावर त्यांनी चपला कुठे काढायच्या, बाथरूमला जाताना कशाला हात लावायचा, यावरून रोज. चौथ्या दिवसापासून ते दारातच जेवायला बसायला लागले. ‘आम्ही सांगितलं नव्हतं,’ ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, ‘पण आम्ही आत या असंही नाही म्हटलं.’

साताऱ्याकडच्या एका मुलाच्या गावात मुंबईहून आलेल्यांना शाळेत ठेवलं होतं. गावाच्या वाटेवर बाभळीच्या फांद्या टाकल्या होत्या. शाळेत जे राहिले त्यांत त्याचे सख्खे चुलते होते. आजी रोज भाकरी न्यायची आणि कंपाउंडच्या भिंतीवर ठेवून यायची. चुलत्यांनी त्या वर्षीनंतर गावच्या जत्रेला यायचं सोडलं ते आजपर्यंत.

आणि एक मुलगी, तिच्याबद्दल मी काहीच सांगणार नाही, कॉलेज नाही, गाव नाही. ती एवढंच म्हणाली, ‘तुम्ही सगळे स्टे होम, स्टे सेफ असं स्टेटस टाकत होता ना? आमच्याकडे त्यातलं एकच जमत होतं.’ राष्ट्रीय महिला आयोगाने १० एप्रिलला घरगुती हिंसेच्या तक्रारींसाठी व्हॉट्सअॅप नंबर सुरू केला होता, कारण बायकांना फोनवर बोलायला घरात आडोसाच उरला नव्हता. ‘पण घरात फोन एकच असेल तर?’ असं तिने मला विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिचा चहा मी भरला आणि आम्ही उठलो.

तर. दुसऱ्यांच्या घरातली भांडणं विचारत फिरायची आणि आपल्या घरातलं सांगायचं नाही, हे काही बरं नाही. म्हणून आता आमचं सांगते. ते डब्यांवरून झालं.

आम्ही पेठेत राहतो. जुना वाडा, पाच बिऱ्हाडं, मधे चौक, चौकात नळ. आमच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर वर, गॅलरीतून आत जायचं. आजी, आई, बाबा, धाकटा भाऊ, मी. बाबा छापखान्यात. लग्नपत्रिकांचा सीझन म्हणजे मार्च ते मे, त्या कमाईवर पुढचा पावसाळा निघायचा. आई डबे करते. पेठेत राहून एमपीएससीचा अभ्यास करणारी जी शेकडो मुलं तुम्ही अभ्यासिकांच्या बाहेर चहा पिताना बघता, त्यांच्यातली काही आईची गिऱ्हाइकं. मार्चच्या सुरुवातीला बावीस डबे होते. दोन वेळचे, महिन्याला २,५०० रुपये.

त्या मार्चमध्ये घरात दोन परीक्षा होत्या. माझी बारावी संपली होती आणि मी राणीच्या थाटात उशिरा उठत होते. भावाची दहावी चालू होती, शेवटचा पेपर भूगोलाचा, २३ मार्चला. चाळीस मार्कांचा. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना आठवत असेल, पुस्तकात भारत आणि ब्राझील. भावाला ब्राझीलचा नकाशा काही केल्या येत नव्हता. त्याने काढलेला ब्राझील आंब्यासारखा दिसायचा.

डब्याच्या मुलांमधला एक बीडकडचा होता. दोन वर्षं आमच्याकडे जेवणारा. रिकामा डबा परत द्यायला यायचा आणि चौकात कट्ट्यावर टेकून भावाला भूगोल शिकवायचा. एमपीएससीवाल्यांना भूगोल तोंडपाठ असतो. अॅमेझॉनचं खोरं कुठे, उच्चभूमी कुठे, ब्राझिलिया कुठे, हे सगळं त्याने खडूने फरशीवर काढून दाखवलं होतं. २० मार्चला संध्याकाळी त्याने भावाची चाचणी घेतली आणि म्हणाला, ‘आता झोपेत विचारलं तरी चुकायचं नाही.’

पेपर झालाच नाही. आधी पुढे ढकलला, मग १२ एप्रिलला रद्द झाल्याचं जाहीर झालं आणि बाकीच्या पेपरांच्या सरासरीने मार्क मिळाले. ब्राझील पाठ करून भावाच्या पदरात काय पडलं, तर नुसतं ब्राझील.

त्या आठवड्यात तारखा किती भराभर आल्या ते आता बघताना गंमत वाटते, तेव्हा नव्हती वाटली. ९ मार्चला राज्यातले पहिले रुग्ण आपल्याच पुण्यात सापडले. १३ ला थिएटर, जिम, पोहण्याचे तलाव बंद करायची घोषणा. २० ला मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवड, नागपूरमधली अत्यावश्यक नसलेली दुकानं आणि ऑफिसं ३१ मार्चपर्यंत बंद. २२ ला जनता कर्फ्यू. २३ ला राज्यभर संचारबंदी, जिल्ह्यांच्या सीमा बंद. २४ ला रात्री आठ वाजता २१ दिवस. दर वेळी आमच्या घरात एकच वाक्य व्हायचं: ‘बघू, तेवढ्यावर भागेल.’

त्या दोन-तीन दिवसांत पेठा रिकाम्या झाल्या. पाठीवर सॅक, हातात पुस्तकांची पिशवी, अशी मुलं स्वारगेटकडे, वाकडेवाडीकडे चालत निघाली होती. बावीसातले सोळा डबे बंद झाले. सहा उरले. हे सहा जण का राहिले? कारण राज्यसेवेची पूर्वपरीक्षा ५ एप्रिलला होती, ती सुरुवातीला २६ एप्रिलवरच ढकलली होती. तीन आठवड्यांसाठी घरी कशाला जायचं? शिवाय गावाकडून फोन येत होते की पुण्याहून येणाऱ्यांना वेशीवरच अडवतात. (ती परीक्षा शेवटी कधी झाली माहितीये? २१ मार्च २०२१. मधे किती वेळा तारीख बदलली आणि मुलं कशी रस्त्यावर उतरली ते तुम्ही पाहिलंच आहे, तो वेगळा लेख होईल.)

पाडवा २५ ला होता, लॉकडाउनचा पहिलाच दिवस. लक्ष्मी रोड इतका शांत की आमच्या गॅलरीत कबुतरांचे पंख ऐकू येत होते. साखरेची गाठी मिळाली नाही. आजीने दोऱ्यात खारका ओवल्या आणि त्याच गुढीला बांधल्या. कडुनिंब वाड्यामागेच होता. श्रीखंड नव्हतं म्हणून आईने शिरा केला, आणि सहा डब्यांतही शिरा भरला. तो बघून बाबा पहिल्यांदा बोलले.

‘हे डबे किती दिवस चालायचेत?’

आई म्हणाली, ‘मेस बंद, हॉटेलं बंद, दुकानं बंद. मुलं खातील काय?’

‘बाहेरची मुलं वाड्यात येणार. आईला दमा आहे.’

आजीला दमा होता, मधुमेह होता आणि वय ७४. त्या दिवसांत टीव्हीवर जे जे धोक्याचं म्हणून सांगत होते ते सगळं आमच्या आजीकडे होतं. बाबांचं काही चुकत नव्हतं. हे मी आज म्हणतेय असं नाही, तेव्हाही मी त्यांच्याच बाजूने होते. खालच्या बिऱ्हाडातले काकासुद्धा येऊन सांगून गेले होते, ‘वहिनी, एवढं संपेपर्यंत बाहेरची पोरं नकोत बरं का.’

आईने तोडगा काढला. वाड्याच्या दिंडी दरवाजाला बाहेरून एक खिळा आहे, पूर्वी त्याला दुधाची पिशवी लावायचे. त्यावर कापडी पिशवीत डबे अडकवायचे. दुपारी साडेबारा, रात्री साडेसात. मुलांनी मिस्ड कॉल द्यायचा, डबे न्यायचे, आदल्या वेळचे घासलेले ठेवायचे. ते डबे आई मोठ्या पातेल्यात उकळून काढायची. गॅस जास्त लागायला लागला. त्यावरून पुन्हा बोलणं.

आणि मग २६ ला रात्री मोठं भांडण. आमच्याकडे भांडणं आवाज चढवून होत नाहीत, वाडा आहे, सगळ्यांना ऐकू जातं. हळू आवाजात होतात, आणि ती जास्त लागतात. बाबा म्हणाले, छापखान्यातून मार्चचा अर्धा पगार मिळालाय, एप्रिलचं काही सांगितलेलं नाही. ठरलेल्या पत्रिका रद्द झाल्यात. घरात किती तांदूळ आहेत, तेल किती आहे? आपलं आपल्याला पुरेल का? आई म्हणाली, मुलांनी एप्रिलचे पैसे आगाऊ दिलेत, सहाही जणांनी. दिलेत म्हणजे द्यायला नको? बाबा गप्प बसले. मी अंथरुणावर पडून हे सगळं ऐकत होते आणि मोबाइलवर कुणाला तरी ‘घरी खूप बोअर होतंय’ असं टाइप करत होते. तो मेसेज अजून आहे माझ्याकडे, मी शोधला.

दुसऱ्या दिवशी दुपारी जे झालं ते सांगायला मला जरा जड जातंय.

मिस्ड कॉल आला. आई स्वयंपाकघरात होती. मी गॅलरीतून खाली बघितलं तर तो बीडचा मुलगा दिंडीतून वाकून आत आलेला. डबे घेतले असतील, पण सरळ चौकात येऊन नळाकडे चालला होता. आणि तो खोकला. दोनदा.

मी वरून ओरडले, ‘ए, आत येऊ नको! तिथेच थांब! बाहेर हो आधी!’

पाचही बिऱ्हाडांनी ऐकलं. दोन वर्षं ज्याला मी ‘दादा’ म्हणत होते त्याला ‘ए’ म्हणाले. तो जिथे होता तिथेच थांबला, वर बघितलं, मान हलवली आणि मागच्या मागे गेला. कट्ट्याजवळच्या फरशीवर अजून खडूचा ब्राझील होता, अर्धा पुसलेला. खालच्या काकांनी दारातून मला ‘शाब्बास’ म्हटलं. ते ‘शाब्बास’ मला अजून आठवतं.

त्यानंतर तो डबा न्यायला आला नाही. दुसरा एक जण यायचा. आईने मला काही विचारलं नाही, मीही काही सांगितलं नाही. २८ पासून सकाळ-संध्याकाळ नऊ वाजता रामायण सुरू झालं, वाड्यातल्या पाच टीव्हींवर एकच आवाज. ३० ला पुण्यात कोरोनाचा पहिला मृत्यू झाल्याची बातमी आली तेव्हा बाबांनी टीव्ही बंद केला आणि आजीच्या अंगावर चादर नीट केली, ती जागी होती तरी. सरकारने शिवभोजन थाळी १० रुपयांची ५ रुपयांना केली, बाबा म्हणाले, ‘बघ, मुलांची आता सोय आहे.’ आई म्हणाली, ‘केंद्रापर्यंत जाताना काठी खातील.’ डबे चालू राहिले. मे महिन्यात प्रवासाचे पास मिळायला लागले तेव्हा सहाही जण गेले. आमच्या घरात तेव्हा कुणाला काही झालं नाही. आम्हाला दुसऱ्या लाटेत झालं, ते वेगळं.

ही गोष्ट मी इथेच संपवणार होते. ‘मी चुकले’ असं लिहून मोकळी होणार होते. पण भाऊ म्हणाला, ‘आईची वही बघितलीस का?’

आई डब्यांचा हिशोब शंभर पानी वहीत लिहिते. २०२० ची वही माळ्यावर मिळाली. तुमच्याकडेही असं काही असेल: किराण्याच्या याद्या, दूधवाल्याचं कॅलेंडर, औषधांच्या चिठ्ठ्या. फोनमधल्या फोटोंपेक्षा हे बघा, खरंच. फोटोत सगळे हसतात.

एप्रिलच्या पानावर सहा नावं. समोर ‘जमा’चा रकाना. दोघांसमोर २,५००. चौघांसमोर काहीच नाही. मेच्या पानावर तर सगळाच रकाना कोरा.

आई खोटं बोलली होती. आगाऊ पैसे कुणी दिले नव्हते. एप्रिल ती भिशीच्या पैशांवर चालवत होती. फेब्रुवारीत तिचा नंबर लागला होता, ते पैसे भावाच्या अकरावीच्या क्लाससाठी ठेवले होते. मी वही घेऊन बाबांकडे गेले. म्हटलं, बघा. बाबांनी चष्माही लावला नाही. ‘मला माहिती होतं. डब्यातली नोटांची पुडी रोज बारीक होत होती. मी काय आंधळा आहे?’

‘मग बोलला का नाहीत?’

‘बोललो असतो तर तिला बंद करायला लागले असते.’

यावर मी काय बोलणार? जो माणूस २६ तारखेला डबे बंद करायला सांगत होता, तोच २७ पासून पुडी बारीक होताना बघत गप्प बसला होता. पाच वर्षं मला वाटत होतं की आमच्या घरात दोन बाजू होत्या.

पण वहीत आणखी एक गोष्ट होती. २८ मार्च ते २ एप्रिल, सहा नावांपैकी एकासमोर आईने बारीक अक्षरात लिहिलंय: ‘मऊ भात, मेतकूट’. पाच दिवस नाही, सहा. त्या बीडच्या मुलाच्या नावासमोर.

मी त्याला फोन केला. नंबर आईकडे होताच, दर दिवाळीला त्याचा फोन येतो. तो आता पुण्यात नाही, परीक्षांचा नाद सोडून गावाकडे भावाबरोबर दुकान बघतो. मी माफी वगैरे मागायची तयारी करून बसले होते, वाक्यसुद्धा ठरवली होती. मी ओरडले होते हे त्याला आठवतच नव्हतं. दोनदा सांगितलं तेव्हा म्हणाला, ‘अच्छा, ते. अगं बरं केलंस ना. मला त्या दिवशी ताप होता.’

मी गप्प.

‘कुणाला सांगितलं नव्हतं आम्ही. घरमालकाला कळलं असतं तर सहाही जणांना बाहेर काढलं असतं, आणि जायचं कुठे? मी आतल्या खोलीत पडून होतो. हे लोक बाहेरच्या खोलीत. चाचणी-बिचणी काही नाही, तेव्हा कुठे जायचं तेही कळत नव्हतं. साधा ताप असेल, काय माहीत. नळावर तोंड धुवायला आलो होतो, डोकं गरगरत होतं.’

‘मग आईला कुणी सांगितलं?’

‘काकूंना? मीच. त्याच दिवशी संध्याकाळी फोन केला. म्हटलं, काकू, माझा डबा वेगळा ठेवा, त्याला हात लावू नका, मी फेकून दिला तरी चालेल. त्या म्हणाल्या, फेकायचा नाही, स्टीलचा आहे. आणि दुसऱ्या दिवशीपासून मऊ भात.’

फोन ठेवण्याआधी त्याने विचारलं, ‘त्याला ब्राझील अजून येतो का रे काढता?’ मला ‘रे’ म्हणाला, बहुतेक मनात भाऊच होता.

आता इथे मला काय वाटलं ते प्रामाणिकपणे सांगते. आईचा अभिमान वगैरे नंतर वाटला. आधी राग आला. घरात दम्याची म्हातारी. ताप असलेल्या मुलाचा डबा रोज घरात येत होता, उकळला जात होता, पुन्हा भरला जात होता, आणि चौघांपैकी एकालाही आईने सांगितलं नाही. बाबांनी नुसतं ‘मुलं बाहेरची आहेत’ म्हटलं तर त्यांना दगडाच्या काळजाचं ठरवलं आम्ही. आणि त्यांची शंका अगदीच खोटी नव्हती. तुम्ही आईच्या जागी असता तर सांगितलं असतं? मी खूप विचार केला. सांगितलं असतं तर डबा बंद झाला असता, हे नक्की. मीच बंद करायला लावला असता.

परवा रात्री जेवताना मी हे सगळं काढलं. काढायला नको होतं का? माहीत नाही. लेख लिहायचाच होता, आणि घरच्यांना न सांगता छापायचं मला पटत नव्हतं.

बाबांचा घास हातात राहिला. ताप होता हे त्यांना खरंच माहिती नव्हतं. पुडीचं माहिती होतं, तापाचं नाही. हळू आवाजात म्हणाले, ‘आईला काही झालं असतं तर?’

आई म्हणाली, ‘चिमट्याने उचलत होते मी. वीस मिनिटं उकळत होते. त्याचा डबा शेवटी, वेगळ्या पाण्यात.’

‘ते नाही विचारत मी.’

‘मग काय विचारताय?’

‘मला का नाही सांगितलंस?’

‘तुम्ही तरी कुठे म्हणालात पुडी बघितली म्हणून.’

भाऊ माझ्याकडे बघायला लागला, मी ताटाकडे. पाच वर्षांपूर्वीचं भांडण जिथे थांबलं होतं तिथूनच पुन्हा सुरू झालं, त्याच हळू आवाजात, जसं काही मधे कुणी पॉज दाबून ठेवला होता. बाबा म्हणत होते की निर्णय एकटीने घ्यायचा नव्हता. आई म्हणत होती की चौघांत घेतला असता तर झालाच नसता. दोघांचंही मला पटत होतं, म्हणून मी काहीच बोलले नाही.

तेवढ्यात आजी बोलली. आजी आता ७९ ची आहे, ऐकायला कमी येतं, निदान आम्ही तसं समजतो. वाटीतलं ताक संपवून तिने वाटी खाली ठेवली.

‘माझ्या जिवावरून एवढं चाललं होतं,’ ती म्हणाली, ‘मला विचारलं होतं का कुणी तेव्हा?’

कुणीच विचारलं नव्हतं. पाच जणांच्या घरात, त्या सगळ्या दिवसांत, एकदाही नाही.

मी विचारलं, ‘मग काय म्हणाली असतीस, आजी?’

‘आता विचारतेस होय,’ असं म्हणून ती हात धुवायला उठली. आईने घड्याळ बघितलं. साडेसात होऊन गेले होते, सध्या चौदा डबे असतात, आणि खाली चौकात कुणीतरी मुलगा ‘काकू’ म्हणून हाक मारत होता.